सुतक पाळलेली सायकलरिक्षा

मी एक जुनी तीनचाकी सायकलरिक्षा आहे. पेनांग बेटावरच्या जॉर्जटाऊन शहरात, चिनी वस्तीतल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात मी उभी असते. माझ्या सीटवर प्लास्टिकची फुले ठेवलेली आहेत. प्रवासी येतात, माझ्यात बसून फोटो काढतात आणि उतरून जातात. मला त्याचे काही वाटत नाही. लोखंडाला दुखत नाही, मित्रांनो. ते फक्त गंजते, आणि इथे समुद्राची खारी हवा असल्यामुळे जरा लवकर गंजते.

माझा जन्म बंदराजवळच्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात झाला. माझी रचना थोडी उलटी आहे. बसणारा पुढे, दोन चाकांच्या मध्ये असतो आणि चालवणारा त्याच्या मागे, तिसऱ्या चाकावर. त्यामुळे वारा, ऊन आणि खड्डा हे सगळे आधी बसणाऱ्याला लागते. चालवणाऱ्याला मात्र त्याचा चेहरा दिसत नाही. टप वर केला असेल, तर डोक्याचा शेंडाही दिसत नाही.

मला तान बून सेंग चालवायचा. अंगाने काटकुळा, गळ्यात टॉवेल आणि तोंड सतत चालू. तो बोटीवरून उतरलेल्या माणसांना हॉटेल शोधून द्यायचा. माणसाचे सामान बघून त्याला कुठली खोली मानवेल हे आपल्याला कळते, असा त्याचा दावा होता. निम्म्या वेळा तो खरा ठरायचा. तो रोज माझी साखळी पुसायचा, तेल घालायचा, आणि लोक म्हणायचे, "सेंगची गाडी म्हणजे लोणी आहे." आता तो नाही. त्याच्या मुलाने मला काही वर्षे एका शेडमध्ये टाकून ठेवले आणि मग या हॉटेलला देऊन टाकले.

मी शेकडो माणसे वाहिली. त्यांतली एक अजून स्पष्ट आठवते.

तो चिनी नव्या वर्षाचा आठवा दिवस होता. त्या संध्याकाळपासून आमच्या वस्तीत आकाशातल्या देवाची पूजा मांडतात. दारोदारी उंच ऊस बांधलेले होते, लाल कंदील टांगलेले होते. समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशातून, मेदानहून आलेल्या बोटीतून एक बाई उतरली. वय तिशीच्या आसपास, हातात एकच पिशवी. नाव सिऊलान, शाळेत शिकवायची. तिच्या डाव्या बाहीवर टाचणीने काळ्या कापडाचा चौकोनी तुकडा लावलेला होता. आमच्याकडे वडील गेले की मुले असा तुकडा लावतात. ऊन होते म्हणून टप वर होता. सेंग मागे वळेपर्यंत ती बसलीही होती, म्हणून त्याला तो तुकडा दिसला नाही. मला दिसला, पण मला बोलता कुठे येते?

"कुठल्या हॉटेलात सोडू?" सेंगने विचारले.

"ज्याच्या खिडकीतून तेलवाल्यांची गल्ली दिसते त्या."

"अगं, तिथे बघण्यासारखं काय आहे? आता तर तेलसुद्धा मिळत नाही."

"माझे वडील तिथे जन्मले. त्यांना एकदा परत यायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून मी एक रात्र राहणार आहे."

हे तिने बसचे वेळापत्रक वाचावे तसे सांगितले.

पहिल्या हॉटेलचा मालक पायरीवरच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "भरलंय."

"भरलंय? कालच म्हणत होतात ना, माश्यासुद्धा राहायला येत नाहीत?"

"आज आल्या," मालक म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या हॉटेलात कारकुनाने अर्धे दार लावून घेतले. "नळाचं काम चाललंय."

"सगळ्या खोल्यांना मिळून एकच नळ आहे का रे?" सेंग ओरडला. उरलेले अर्धे दारही लागले.

बाईला वाईट वाटले असेल असे समजून सेंगने मला मुद्दाम लांबच्या वाटेने नेले. हे एका कुळाचे सभागृह, हे उदबत्तीवाल्याचे दुकान, याचा म्हातारा नुसत्या वासावरून चंदन ओळखतो, ही शेवयांची टपरी, ही शवपेट्या करणाऱ्यांची गल्ली, तिकडे नको बघू. बाई प्रत्येक वेळी "हं" म्हणत होती. खड्डा आला की बसणारा माझा दांडा घट्ट धरतो. ती धरत नव्हती. तिचा हात माझ्या दांड्यावर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडलेला होता.

"बाई बसलीय की दगड?" सेंग पायडल मारता मारता पुटपुटला.

तिसरे हॉटेल कोपऱ्यावर होते. मालकीण लो बाई दारात पूजेच्या टेबलाला ऊस बांधत होत्या.

"मावशी, एक खोली. गल्लीकडची."

"नाही."

"तुमच्या मागे किल्ल्या लटकतायत की!"

लो बाईंनी दोरीची गाठ मारली. "सेंग, मघापासून तू कुणाला फिरवतोयस ते बघितलंस का? जरा पुढे येऊन बघ."

सेंग माझ्या पुढे आला. त्याला तिच्या बाहीवरचा तुकडा दिसला.

"बाप?"

"हो."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"अगं पोरी, आज दिवस कुठला आहे! आज कुणी आपल्या दारातून सुतक आत येऊ देईल का?" सेंग म्हणाला.

सिऊलानने उसाकडे पाहिले, मग कंदिलांकडे. "आमच्याकडे नवं वर्ष दार लावून करतात. चिनी सण रस्त्यावर करायला सरकारची बंदी आहे. मला वाटलं, इथेही ज्याच्या त्याच्या घरातच असेल."

लो बाई थोड्या नरमल्या. "काढून पिशवीत ठेव. मी काही बघितलं नाही, जा."

"शंभर दिवस काढायचा नसतो."

"मग मी तरी काय करू?"

"काही नको. मी इथेच गाडीत बसते. इथूनही गल्ली दिसते."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. सेंग टॉवेलने मान पुसत उभा राहिला. त्यालाही घरी पूजा होती. सुतकातले माणूस आपण एवढा वेळ फिरवले, हे घरी कळले असते तर त्याच्या बायकोने त्याला उंबऱ्याबाहेरच जेवायला वाढले असते.

"मावशी, तुम्हाला बाई नको की तुकडा नको?"

"तुकडा. बाईनं माझं काय बिघडवलंय?"

"आणि तुला गं? तुकडा बापासाठी चारचौघांत दिसायला हवा, एवढंच ना?"

तिने मान हलवली. सेंगने तिच्या बाहीची टाचणी काढली आणि तो तुकडा माझ्या टपाला, डाव्या बाजूला, लावला.

"आता सुतक ही गाडी पाळेल. तू वर जा."

"हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय?" लो बाईंनी विचारले.

"आमच्या."

लो बाईंना हसू आले. त्यांनी विटाळ जावा म्हणून पपनसाची पाने घातलेले पाणी सिऊलानच्या हातांवर ओतले आणि गल्लीकडच्या खोलीची किल्ली दिली.

थोड्याच वेळात समोरून दुसरा रिक्षावाला आला. "सेंग, कोण गेलं रे?"

"गाडीचा बाप."

"वेडा झालास का? ऐन सणात कोण बसणार तुझ्या गाडीत?"

तो बरोबर बोलला. दुसऱ्या दिवशी लाल कपडे घातलेली कुटुंबे माझ्या बाजूने वळसा घालून गेली. एका आईने तर मुलाचे डोळे झाकले. सेंग फुटपाथवर उकिडवा बसून कॉफी पीत राहिला. वर खिडकी उघडी होती. सिऊलान समोरच्या, वडिलांच्या जुन्या घराकडे पाहत होती. त्या घरात आता चपलांचे दुकान होते.

दुपारी ती पिशवी घेऊन खाली आली.

"तुमच्या गाडीत कोणी बसत नाही."

"सण संपेपर्यंत नाही बसणार. चालायचंच. तू तुझा तुकडा घे आणि बोट गाठ."

मग तिने पिशवी परत लो बाईंकडे दिली.

"सण संपेपर्यंत मीच बसते."

"तू एकटीच?"

"सुतक माझं आहे."

त्यानंतर ती रोज बसली. टपावर तुकडा, आत ती आणि मागे सेंग. सगळी वस्ती आम्हांला वाट करून द्यायची, त्यामुळे गर्दीतही आम्ही सुसाट जायचो. सेंग तेच तेच दाखवायचा. ती तेच "हं" म्हणायची. मला वाटू लागले की ही बाई आणि मी एकाच धातूच्या आहोत.

सणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तेलवाल्यांच्या गल्लीतून चाललो होतो. चपलांच्या दुकानाच्या दारावर, चौकटीच्या वर, एक छोटा आठकोनी आरसा लावलेला होता. तिथून आम्ही रोज जात होतो. सिऊलानने मान वर केली.

"काका, तो आरसा कशाला लावलाय?"

सेंगने इतका जोरात ब्रेक दाबला की माझे मागचे चाक उचलले गेले.

"काय म्हणालीस?"

"आरसा. बाबांनी त्याच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं."

"ते सांगायचं तर तीन फेऱ्या माराव्या लागतील."

"मग मारा ना."

सेंगने टॉवेल झटकून गळ्यात टाकला आणि पायडलवर उभा राहिला.

मित्रांनो, माझ्यात बसून फोटो काढा, माझी हरकत नाही. जाताना कुणी माझ्या साखळीला थेंबभर तेल घातले तर मी आणखी काही वर्षे टिकेन. आणि तुमच्या दारात कधी एखादे गप्प माणूस आले, तर ते गप्प का आहे हे विचारत बसू नका. आधी त्याला बसायला जागा द्या. बोलायची वेळ झाली की ते स्वतःच काहीतरी विचारील. तेवढा वेळ त्याच्याजवळ थांबा.