शनिवारचा फसलेला पाठ

शनिवार. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं झाली आणि हर्षालीबाई माझ्यातून बाहेर पडल्या. करड्या अक्षरांची एक ओळ तेवढी मागे राहिली. कारण त्यांनी लिहिलं नाही. मला ते माहीत आहे.

मित्रांनो, मी शिक्षकांचा एक जुना व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माझं नाव 'फसलेला पाठ'. मला सहा वर्षं झाली. ग्रुपच्या आयुष्यात हे म्हातारपणच.

मला सोमनाथसरांनी तयार केलं. ते राहतात नाशिकला, इंदिरानगरात, आणि शिकवतात त्र्यंबकेश्वरच्या पुढच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथे शिक्षक दोनच. एखादा धडा मुलांच्या डोक्यावरून गेला, तर विचारायचं कुणाला? म्हणून त्यांनी इतर शाळांतले नऊ जण जमवले आणि नियम एकच ठेवला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकाने आठवड्यातला आपला फसलेला पाठ सांगायचा. जमलेला नाही, फसलेला. सुविचार आणि फुलांचे फोटो बंद.

पहिला पाठ सरांनीच पाठवला, स्वतःच्या आवाजात. "बावन्नातून अठ्ठावीस वजा करायला दिले. निम्म्या वर्गाचं उत्तर छत्तीस! दोनातून आठ जात नाहीत, म्हणून पोरांनी आठातून दोन काढले."

उत्तर आलं पूजाबाईंचं. त्या वणीकडच्या, बोलायला फटकळ. "अहो सर, तुम्ही नुसतं 'दशक उसना घ्या' म्हणत असाल. उसना कुणाकडून, ते पोरांना दिसायला नको का? काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. एक गठ्ठा पोरांच्याच हातानं सोडवून घ्या. आणि जरा जोरात बोला हो. तुमचा आवाज ऐकून गोठ्यात आमची म्हैस पेंगायला लागली."

पुढच्या शनिवारी सरांनी कळवलं, "तिघं सोडून सगळ्यांना जमलं. म्हशीला नमस्कार सांगा."

ते माझे भरभराटीचे दिवस होते. सरांसह दहाचे चोवीस झाले. कुणाला नकाशा शिकवता येत नव्हता, कुणाचा वर्ग कविता ऐकताना हसत सुटायचा. सगळं माझ्याकडे यायचं आणि कुणीतरी वाट दाखवायचं.

मग माझं नाव झालं. दोन वर्षांपूर्वीच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, केंद्रप्रमुखसाहेब उभे राहून म्हणाले, "असा ग्रुप मी दुसरा पाहिला नाही." केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. सगळ्यांची छाती फुगली. त्याच संध्याकाळी सोमनाथसरांनी मोठ्या मानाने साहेबांना माझ्यात घेतलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी फक्त परिपत्रकं टाकायला सुरुवात केली. 'माहिती अकरापर्यंत पाठवा.' 'वृक्षारोपणाचे फोटो टाका.' खाली चोवीस वेळा 'होय साहेब' उमटायचं. पण साहेबांसमोर आपली चूक सांगणार कोण? पहिल्या शनिवारी तीनच पाठ आले. महिन्याभराने एकही नाही. मी दिवसभर वाजत होतो आणि तरीही मुका होतो.

या जूनमध्ये पूजाबाईंनी हर्षालीबाईंना माझ्यात आणलं. नोकरीचं त्यांचं दुसरंच वर्ष. त्यांनी माझं नाव वाचलं आणि ते खरं मानलं. आज साडेअकराला शाळा सुटल्यावर त्यांनी लिहिलं, "तिसरीचा वर्ग. हातच्याची वजाबाकी चार दिवस शिकवते आहे. चौदांपैकी अकरा मुलं अजून चुकतात. माझं कुठे चुकतंय, कुणी सांगाल का?"

उत्तर माझ्याजवळ होतं. पण मित्रांनो, नव्याने आलेल्याला माझ्यातलं जुनं काही दिसत नाही, आणि मला स्वतःहून बोलता येत नाही. ज्यांना ते ठाऊक होतं, ते धरून एकवीस जणांनी प्रश्न वाचला. कुणी काही लिहिलं नाही.

लिहिलं साहेबांनी. "चार दिवस वाया. बाब गंभीर आहे. सोमवारी लेखी खुलासा घेऊन हजर राहावे."

त्याखाली सवयीने कुणीतरी 'होय साहेब' लिहिलं. नंतर पुसलं. तोवर हर्षालीबाई गेल्या होत्या.

तीन वाजता सोमनाथसरांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "साहेब, आपल्याला इथे मीच आणलं. चूक माझी आहे. आपण असलात की आम्ही चुका लपवतो, आणि त्या मुलांच्या वह्यांत राहून जातात. आपण बाहेर पडावं, ही हात जोडून विनंती. काढून टाकणं माझ्या हातात आहे, पण मी तसं करणार नाही."

पूजाबाईंनी लिहिलं, "मीही सरांसोबत आहे. हर्षाली फोन उचलत नाही. उद्या तिच्या घरी जाते."

मित्रांनो, माझ्यासारखे ग्रुप एका बोटाने तयार होतात. पण 'मला जमलं नाही' हे न घाबरता म्हणता येईल अशी जागा तयार व्हायला वर्षं लागतात. ती मोडायला रागाची गरज नसते, धाकही पुरतो. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात अशी जागा असेल, तर ती जपा.

साहेबांनी सरांचा निरोप तीन वाजून नऊ मिनिटांनी वाचला. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा थांबले. आता सहा वाजले आहेत. साहेब अजून माझ्यात आहेत. हर्षालीबाई नाहीत.