शनिवारचं ताट

दुष्काळ सरल्यावरच्या दुसऱ्या वर्षी हिंगणवाडीच्या सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आली आणि गावच्या बायकांना आभाळ ठेंगणं झालं. आधीचे डॉक्टर सगळे पुरुष. यायचे, नाक मुरडायचे आणि बदली करून घ्यायचे. राहिले असते तरी काय उपयोग होता? पोटाचं दुखणं परक्या पुरुषाला दाखवणारी बाई शिराळ्याच्या त्या डोंगरपट्ट्यात अजून जन्मायची होती. ही मगदूम डॉक्टरीण सांगलीच्या एका मास्तरांची लेक. बिनलग्नाची, अंगानं काडी आणि हाताची लय हळुवार.

बाई टिकवायची तर तिला चूल फुंकायला लावायची न्हाई, असं सरपंच भाऊसोनं चावडीत ठरवलं. गावात नवा मास्तर आला की मोठी घरं एकेक वार वाटून घ्यायची आणि त्या वारी मास्तर त्या घरी जेवायचा. तोच रिवाज बाईला लावला. रविवार भाऊसोनं आपल्याच घरी ठेवला, आणि शनिवार दिला थोरल्या वहिनीला, शालूबाईला.

आता शनिवार म्हणजे मारुतीचा वार. निम्मं घर उपाशी. शनिवारी माणसानं वाढायचं काय, कपाळ? वरीचा भात, दाण्याची आमटी आणि ताक, संपला थाट. तिकडं भिंतीपलीकडं धाकटी जाऊ चंद्राबाई दर रविवारी पुरण घालायची. वास मुद्दाम इकडं यायचा, असं शालूबाईचं ठाम मत होतं. वाटणीत चांगली विहीर धाकटीला गेली, सरपंचपद धाकटीच्या नवऱ्याला गेलं, आणि आता डॉक्टरीणही धाकटीचीच व्हायला निघाली. शालूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, हा नुसता ताटाचा मान नव्हता. शालूबाईची लेक हौसा पाटणकडं दिलेली. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा शालूबाईनं व्याह्यांशी भांडून तिला माहेरी आणली, ती या डॉक्टरणीच्या भरवशावर. बाईनं हौसाला तपासलं, पायावरची सूज दाबून बघितली आणि सांगितलं, की हिला माझ्या नजरेसमोर ठेवा. त्या दिवसापासून बाई चंद्राबाईच्या दारात हसताना दिसली की शालूबाईला वाटायचं, हौसाच्या वाटणीचंच कुणीतरी उचलून नेतंय.

मग चढाओढ लागली. चंद्राबाईनं तूप ओतलं की सोमवारवाल्यांनी खीर केली, मंगळवारवाल्यांनी कानवले तळले. बाईनं अर्धी पोळी टाकली तर त्या घरची बाई दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. एकदा बाई म्हणाली, मी खोलीवर स्टोव्ह आणते, खिचडी करून खाईन. गाव नुसतं रुसलं. आमचा वार मोडला, असं आम्ही काय केलं, म्हणून बायका दवाखान्यात जाऊन बसल्या. बिचारीनं स्टोव्हचं नाव पुन्हा काढलं नाही.

एका रविवारी शालूबाई हौसाची गोळी मागायला गेली, तर चंद्राबाई ओसरीवर बाईच्या डोक्याला तेल घालत बसलेली. बाईचे डोळे मिटलेले. शेजारी चंद्राबाईचा भाऊ आकाराम, पलटणीतून रजेवर आलेला, सुपारी कातरत होता. शालूबाई गोळी न मागताच माघारी फिरली. पोटात नुसता जाळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना तिनं दगडाबाईला म्हटलं, "फुकट कुणी तेल घालतं व्हय? आकारामाला बायको बघतीया ती."

दगडाबाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सांजंपर्यंत गावानं पानसुपारी वाटली, रात्रीतून हळद लावली. कुणी बोलणं काढलं हे कुणालाच सांगता येईना, पण बाई दिसली की पोरी पदरात हसायच्या. बाई आधी रविवारी जाईनाशी झाली, मग कुठंच जेवायला जाईनाशी झाली. आठवड्याच्या आत सांगलीहून तिचे वडील आले. भाऊसो हात जोडून उभा राहिला, चंद्राबाई रडली. मास्तर एवढंच म्हणाले, की लेक नोकरीला पाठवली होती. ट्रंक एसटीच्या टपावर चढली आणि शालूबाई दारात दगडासारखी उभी राहिली.

अशी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा घेणारी बाई शोधून सापडायची नाही! महिनाभरात हौसाची सूज तोंडावर आली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. शालूबाईनं जीप मिळवली आणि सांगलीत मगदूम डॉक्टरीण ज्या खाजगी दवाखान्यात लागली होती तिथं लेकीला नेलं. वाटभर ती मारुतीला एकच मागत होती, माझ्या जिभेचं पाप हिच्या पोटावर येऊ देऊ नको.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, रडली, जगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आपल्या खोलीत डबा उघडून एकटी जेवत होती. मुगाची खिचडी. शालूबाई दारात उभी राहून म्हणाली, की माघारी चला, तुमचा स्टोव्ह मी डोक्यावरनं आणते. बाईनं मान हलवली. आता वडील पाठवणार नाहीत, म्हणाली. मग डब्याला झाकण लावत बोलली, "मावशी, एक सांगू? सगळ्या वारांत मला तुमचा शनिवार आवडायचा. ताट हलकं असायचं, आणि तुम्ही शेजारी गप बसायचात. तेवढ्या शनिवारावर मी तिथं राहिले असते. ते बोलणं नसतं उठलं, तर राहिलेच असते."

जन्मभर धाकटीपुढं हरत आलेली बाई एकदाची जिंकली होती, आणि ते तिला कळलं ते असं.

हौसाला घेऊन ती गावी आली तेव्हा चंद्राबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं मायलेकींवरून तुकडा ओवाळून टाकला, पोरीला जवळ घेतलं. चंद्राबाईच्या सुनेला सहावा लागला होता. दवाखान्याला कुलूप होतं, आणि पावसाळ्यात ओढा भरला की शिराळ्याची वाट बंद व्हायची.

"येती म्हणाली का वं बाई?" चंद्राबाईनं विचारलं.

"न्हाई."

चंद्राबाईनं पोरीचं टोपरं सारखं केलं. मग खाली बघत म्हणाली, "आमची आठवण तर काढली आसंल? का माझ्यामुळंच गेली म्हणाली?"

सांगलीपासून शालूबाईच्या जिभेवर तो शनिवार खडीसाखरेसारखा घोळत होता. कुणाला तरी सांगावा म्हणून जीव नुसता तळमळत होता, आणि ज्या एका माणसाला सांगण्यात गोडी होती ते माणूस समोर उभं होतं.

"तुझा रविवार लय आठवतो म्हणाली," शालूबाई म्हणाली. "तसं पुरण सांगलीत मिळत न्हाई, म्हणाली."

चंद्राबाईचा चेहरा असा उजळला, की शालूबाईच्या पोटात पुन्हा जाळ झाला. तिनं नात आपल्याकडं घेतली आणि आत जाऊन चूल पेटवली. शनिवार होता, वरी शिजायची होती.