पित्ताशयातले खडे आणि दोन कारागीर

नोकरदाराला आरोग्य विमा कंपनी देते. स्वतःचा धंदा असलेल्याला मेहुणा देतो. सोफे बनवणाऱ्या कारागिराचा मेहुणा विमा एजंट होता आणि दोघांमधून विस्तव जात नसे. त्या सकाळी मात्र कारखान्यातल्या अर्धवट शिवलेल्या कोचावर बसून, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांचं एकमत झालं. बायकोच्या पित्ताशयातले खडे फॉर्ममध्ये लिहायचे नाहीत.

"लिहिलं की खड्यांच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबा, वर हप्ताही जास्त," मेहुणा म्हणाला. "नाही लिहिलं तर कोण बघायला येतंय? ताई, दिसतेस तर ठणठणीत."

"बाहेरून काही कळतं का?" कारागिराने री ओढली. त्याचा धंदाच यावर उभा होता. वर मखमल झकास ताणून बसवली की आत जुनाच फोम आहे का, हे गिऱ्हाईक आयुष्यात विचारत नाही.

"गिऱ्हाईक सोफा फाडून बघत नाही," बायको म्हणाली. "डॉक्टर फाडायलाच बसलेला असतो."

"ताई, वीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणूनच विचारते. सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट आहे. हॉस्पिटलात तो निघणार. कंपनी म्हणणार, लपवलंत, आता विसरा. तेव्हा तू कुठे असशील?"

"फोन कर ना."

"गेल्या वेळी केला होता. तू लग्नाला गेला होतास. तीन दिवस."

"सख्ख्या भावावर विश्वास नाही?"

"सख्खा आहेस म्हणून तर चहा दिला."

कारागीर भडकला. "तो आपलं भलं बघतोय, आणि तू नको तिथे अक्कल पाजळतेस!"

"झाकण्यात दोघंही पटाईत. दुखतं मला."

तिने फॉर्म ओढला, 'सध्याचे आजार' या चौकटीत खडे लिहिले, मिलिमीटरसकट, आणि सही ठोकली. मेहुण्याने तोंड वाकडं करून फॉर्म उचलला. कमिशन मात्र सरळ घेतलं.

महिन्याभरात पॉलिसी आली. बाकी सगळं आजपासून, खडे दोन वर्षांनी.

"झालं समाधान?" कारागीर फिस्कारला. "तोवर काय करणार?"

"ऑपरेशनची घाई नाही, पथ्य पाळा, म्हणालेत डॉक्टर. तळलेलं बंद."

"मग कर की बंद!"

"केलं," ती म्हणाली आणि उकडलेल्या भाजीचं ताट त्याच्यापुढे आदळलं. "दोन वेगळे स्वयंपाक करायची मला हौस नाही."