रामरती फुआचा धनताल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "ही सळई इथे कुणी ठेवली?" त्याचं चुकत नाही. मी दिसतोच तसा. छातीएवढी उंच लोखंडी सळई, वरचं टोक निमुळतं, खालचं वाकवून वेटोळं केलेलं, आणि सोबतीला घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा. पण त्या तुकड्याचा टोला एकदा माझ्यावर बसला, की मला सळई म्हणणाऱ्याचेच पाय ठेका धरतात. मी एक जुना धनताल आहे. त्रिनिदाद बेटावर पेनालच्या बाजूला, भारतातून आलेल्या ऊसकामगारांच्या एका गावात माझं आयुष्य गेलं, आणि ते मोठ्या मजेत गेलं.

माझा पहिला जन्म बैलगाडीचा आस म्हणून झाला. बघेलू गाडीवान माझ्या जिवावर ऊस वाहायचा. पुढे ट्रॅक्टर आले आणि गाडी मोडीत निघाली. बघेलूनं चाकं देऊन टाकली, पण मला सोडलं नाही. मला खांद्यावर टाकून तो लोहाराकडे गेला. भट्टीत मी लाल झालो आणि हातोड्याखाली जोरजोरात किंचाळलो. बघेलू खूश होऊन म्हणाला, "ऐका, ऐका! सुरात ओरडतोय!"

बघेलूला दोन मुलं होती, थोरली रामरती आणि धाकटा बिसराम. बिसरामला ढोलक मिळाला आणि मी रामरतीच्या हाती आलो. तेव्हा आमच्याकडे मुली चारचौघांत धनताल वाजवत नसत. गावानं नाकं मुरडली. बघेलू म्हणाला, "तिचा हात बरोबर आहे. तुमची नाकं वाकडी आहेत, त्याला मी काय करू?" मग नाकं हळूहळू सरळ झाली, कारण रामरती खरोखर छान वाजवायची.

दर मंगळवारी संध्याकाळी देवळात रामायण असे. बिसरामचा ढोलक, रामरतीचा मी आणि पंडित हरदेव यांचा खडा आवाज. पंडितजींना सारं गाव 'बाबा' म्हणायचं. पोथी बांधून झाली की ते आंब्याखालच्या बाकावर बसत. गोड दाट दुधाचा चहा आणि मोहनभोगाचा प्रसाद समोर आला, की एकेक जण आपलं गाऱ्हाणं घेऊन पुढे सरके. एकदा शेजाऱ्याची नवी गाडी पाहून एकाची झोप उडाली होती. बाबांनी त्याला सांगितलं, "उद्या त्या गाडीची पूजा तूच कर. हार तुझ्या बागेतल्या फुलांचा." गडी कुरकुरत गेला, आणि येताना त्याच गाडीत बसून भोंगा वाजवत आला! बाबा उपदेश कमी करत आणि काम जास्त सांगत. मला ते फार आवडायचं.

रामरतीला स्वतःचं मूल झालं नाही. नवराही लवकर गेला. पण बिसरामची पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली, विशेषतः लहानगी तारा. त्यांची ती फुआ, म्हणजे आत्या. पुढे अख्ख्या गावाचीच ती रामरती फुआ झाली.

मग बिसरामच्या थोरल्या मुलाचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नाच्या लाह्या फुआनंच भाजायच्या असतात. बायका गाणी म्हणत तिची यथेच्छ टिंगल करतात, तीही भावाला सोडत नाही, आणि मनासारखा नेग, म्हणजे मानाची भेट, मिळाल्याशिवाय चुलीला हात लावत नाही. त्या दिवशी धान ओलसर राहिलं होतं आणि लाह्या काही फुटेनात. बिसरामच्या पोटात रम होती. तो हसत ओरडला, "जिच्या पदरात पोर नाही, तिच्या हातच्या लाह्या फुटतील कशा?"

गाणं थांबलं. फुआनं खाली मान घालून काम कसंबसं पुरं केलं, मला उचललं आणि ती घरी निघून आली. दोघा भावंडांचा अबोला सुरू झाला.

माझे वाईट दिवस आले. फुआनं मंगळवारचं रामायण सोडलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभा राहिलो. माझ्यावर ओली फडकी वाळत पडली. शेजारची बकरी वाफ्यात शिरली की मला पुढे करून तिला हाकलायचे. एकदा तर माझ्या टोकानं आंबे पाडले. आंबे, मित्रांनो! ज्यानं गावाला नाचवलं, त्यानं आंबे पाडावेत? मला भलताच राग आला आणि वर गंजही चढला.

अशात ताराचं लग्न ठरलं. ती धावत फुआकडे आली.

"फुआ, लाह्या तू भाजणार ना?"

"तुझ्या बापाला तोंड नाही का विचारायला?"

"ते म्हणतात, दीदी मोठी आहे, यायचं तर येईल. तुम्ही दोघं बसा रुसून! माझ्या लाह्या दुसऱ्या कुणी भाजल्या तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

तारा डोळे पुसत गेली. फुआनं त्या दिवशी भातात मीठ दोनदा घातलं. पोरीचं लग्न आपल्यामुळे अडणार या विचारानं तिचा जीव कासावीस झाला होता, पण पाऊल काही उचलत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा स्वतः आले. फुआनं त्यांच्या पायांना हात लावला आणि तिला रडू फुटलं.

"बाबा, रोज जप करते, पण राग जात नाही. डोळे मिटले की तोच दिसतो, ढोलकासकट!"

बाबा खदखदून हसले. "जपाला तू राग हाकलायच्या कामावर ठेवलंस होय? तो काय राखणीचा कुत्रा आहे? दारामागचं ते फडकं काढ आणि वाजव बघू."

फुआनं मला रागारागानं घट्ट आवळलं आणि टोला मारला. टक्! मी काय करणार? मूठ आवळली की माझा आवाज गुदमरतो.

"तुला हे मी शिकवायचं?" बाबा म्हणाले.

मग तिची मूठ सवयीनं हलली. मिटली, उघडली, पुन्हा मिटली, उघडली. स्वयंपाकघरभर माझा खणखणीत आवाज घुमला. मित्रांनो, किती दिवसांनी!

"राग आला की मन असंच मिटतं. मिटू दे," बाबा म्हणाले. "पुढच्या मात्रेला उघड. पुन्हा मिटेल, पुन्हा उघड. मन साफ झाल्यावरच देवाच्या दारी जायचं असतं, तर देवळात माझ्यासकट कुणी दिसलं नसतं. आधी राग जाऊ दे, मग लाह्या भाजीन म्हणशील, तर पोरगी म्हातारी होईल. राग घेऊनच जा. आपलं काम करायला रागाची परवानगी लागत नाही."

"आणि बिसरामला तसाच सोडून देऊ?"

"मी कुठे तसं म्हटलं? नेग मागणं हा फुआचा हक्क आहे. पण तो मागायला जावं लागतं. दातओठ खात घरी बसणाऱ्या फुआला कोण आणून देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फुआ पिवळी साडी नेसून निघाली, हातात मी. गाण्याला लागेल म्हणून तिनं मला घेतलं होतं. पण गावानं पाहिलं ते एवढंच, की रामरती फुआ लोखंडी सळई घेऊन तरातरा भावाच्या घरी चालली आहे! बायका हातातलं काम टाकून मागे धावल्या. कुणीतरी पुढे जाऊन ओरडलं, "बिसराम, पळ! दीदी आली, हातात सळई आहे!" नवं धोतर नेसलेला तो जाडजूड बिसराम मांडवाच्या बांबूमागे लपला. बांबू मनगटाएवढा होता आणि बिसराम सगळीकडून दिसत होता. मला हसू आवरेना.

अंगणात चुलीपाशी बिसरामची बायको धनमती भांडं घेऊन रडवेली उभी होती. फुआनं मला भिंतीला टेकवलं आणि ती पाटावर बसली.

"धान या खेपेला वाळवलंय ना?"

"वाळवलंय, दीदी," धनमती म्हणाली. "तुम्ही याल म्हणून रोज उन्हात घालत होते."

बिसराम पुढे आला. "नेग काय घेशील, दीदी? भारी साडी आणलीय."

"साडी ठेव तुझी. मागच्या लग्नात याच बायकांसमोर जे बोललास, ते यांच्यासमोर परत घे. तोवर चुलीला काडी लागणार नाही."

"तेव्हा रम बोलली गं."

"रमला मी राखी बांधत नाही. तू बोल."

बिसराम नव्या धोतरासकट मातीत बसला. "चुकलो, दीदी. तोंडातून निघालं आणि तेव्हाच कळलं. कितीदा तुझ्या फाटकापर्यंत यायचो, कुत्रा भुंकला की परत फिरायचो."

"माझा कुत्रा तुझ्यावर भुंकत नाही."

"नाही भुंकत," तो म्हणाला. "मीच परत फिरायचो." मग त्यानं खिडकीकडे बोट केलं. "तुला मूल नाही म्हणालो, आणि माझीच मुलगी तुझ्याशिवाय मांडवात यायला तयार नाही."

खिडकीत हळदीनं पिवळी झालेली तारा मोठ्यानं रडायला लागली. फुआनं डोळ्याला पदर लावला आणि काडी ओढली.

"राग गेलेला नाही हं अजून."

"असू दे. लग्न लागू दे, मग भांडू."

पहिली लाही फुटली ती थेट बिसरामच्या नाकावर बसली. मग भांडंभर ताडताड सुरू झालं. बायकांनी जे गाणं धरलं, त्यात बिसरामची अशी काही धुलाई केली, की तो दोन्ही हातांनी कान झाकून हसत होता. धनमतीनं मला उचललं. तिचा ठेका साफ चुकत होता, पण मी जीव तोडून वाजलो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य पडून असेल, तर त्याला तेल लावा आणि हाती घ्या. त्याच्याकडून आंबे पाडून घेऊ नका. आणि आपल्या माणसाशी बोलणं थांबलं असेल, तर राग जाण्याची वाट बघत दारामागे उभे राहू नका. राग घेऊनच निघा.

सासरी निघताना तारानं फुआच्या गळ्यात पडून विचारलं, "खरं सांग, तुझ्या भावावरचा राग गेला का?"

"कधी गेला कुणास ठाऊक," फुआ म्हणाली. "माझं सगळं लक्ष लाह्यांकडे होतं."