चौघींची दहा बोटं

सरकारदरबारी त्या लाँड्रीतल्या सगळ्या बायकांचा वाढदिवस एकच होता, एक जानेवारी. चौदा वर्षांपूर्वी ओळखपत्रं काढायला एक माणूस मशीन घेऊन लाँड्रीतच आला होता. जन्मतारीख विचारली की बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत, आणि त्याच्या मशीनला रिकामी चौकट चालत नसे. शेवटी वैतागून त्याने सगळ्यांना सरसकट एक जानेवारी वाटून टाकली. वर्ष तेवढं अंदाजाने जिचं तिला दिलं.

इस्त्रीवर काम करणाऱ्या ताईच्या वाट्याला मात्र सहा वर्षं जास्तीची आली. कार्ड हातात पडलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. काही न करता मोठी झाले, म्हणाली, आता जरा मान देऊन बोला माझ्याशी. हे हसू पुढे चौदा वर्षं पुरलं आणि या डिसेंबरात आटलं. लाँड्रीत अठ्ठावन्न भरली की घरी पाठवतात. कार्डाच्या मते ताईची अठ्ठावन्न एकतीस तारखेला भरत होती. खरी बावन्नच. घरी मुलगी नर्सिंग शिकत होती, अजून दोन वर्षं बाकी होती आणि कमावणारं माणूस ताईशिवाय दुसरं नव्हतं.

"तुम्ही बावन्नच्या आहात हे मला दिसतंय हो," सुपरवायझर म्हणाला होता. "पण मला तुमच्याकडे बघून चालत नाही, कार्डाकडे बघावं लागतं. एकतीसच्या आत दुरुस्त करून आणा, तोवर मी निवृत्तीच्या कागदाला हात लावत नाही."

म्हणून ताई अर्धी सुट्टी टाकून ओळखपत्रांच्या कचेरीत आली. शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये आणि पर्स काखेत घट्ट. दीड तास बाकावर बसून तिने समोरच्या भिंतीवरच्या सूचना तीनदा वाचल्या. मग तिचा नंबर लागला, खिडकी चार.

खिडकीत तिच्या मुलीच्या वयाचीच एक मुलगी होती. सर्दीने नाक लाल झालेलं, पण बोलायला गोड. ताईने एकतीस तारखेची आणि नोकरीची अडचण सांगितली, तेव्हा दाखला उलटसुलट बघून म्हणाली, "काकू, हे तर पाच मिनिटांचं काम. दाखला ओरिजिनल आहे, झालंच समजा. चार बोटं इथे ठेवा."

ताईने बोटं ठेवली. हिरवा दिवा लागला. मुलीने स्क्रीनकडे पाहिलं आणि रुमालाने नाक पुसता पुसता थांबली.

"पुन्हा ठेवा."

ताईने पुन्हा ठेवली. मग दुसऱ्या हाताची ठेवली. मग दोन्ही अंगठे.

"काकू, कार्ड तुमचंच ना?"

"मग काय शेजारणीचं घेऊन आले?"

मुलगी हसली नाही. तिने आवाज खाली आणला. "नाही, म्हणजे... ही बोटं ज्यांची आहेत, त्या बाई वारल्यात. अकरा एप्रिलला. तशी नोंद आहे."

"मी?" ताई म्हणाली. "अगं बाळा, सकाळपासून दीडशे चादरी इस्त्री करून आले आहे मी."

मागे रांगेतला एक माणूस फिस्सकन हसला. ताईलाही हसू येत होतं, आता लाँड्रीत जाऊन काय काय सांगायचं याची तिने मनात जुळवाजुळवसुद्धा केली. तेवढ्यात मुलीने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

स्क्रीनवर रेडिओ होती.

चौदा वर्षांपूर्वीची, केस चापून बसवलेली, आणि फोटोवाल्याने गप्प बसा म्हणूनही ओठ अर्धवट उघडे ठेवलेली. धुण्याच्या खात्यात मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ही बाई दिवसभर गात असे, नाहीतर बोलत असे, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. फोटोखाली तिचं नाव होतं. नावाखाली लाल अक्षरांत 'मृत'.

 ताईने खिडकीच्या कडेला धरलं.  रेडिओ गेली? आठ महिने झाले? आणि ते मला इथे, या खिडकीत, या मशीनकडून कळावं?

रेडिओ दीड वर्षापूर्वी मुलाकडे राहायला गेली होती, लांबच्या शहरात. आधी दर रविवारी फोन यायचा. मग पंधरा दिवसांनी, मग बंद. ताईने दोनदा लावून बघितला, कुणी उचलला नाही. मग ताईचं डोकं फिरलं. मुलाचं घर मिळालं, आता आमची आठवण कशाला होईल, असं ती चारचौघींत बोलली होती, आणि तेही एकदा नाही. गेल्या आठवड्यात डबा खातानासुद्धा बोलली होती. आता ते आठवून तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"काकू, पाणी हवं का?" मुलीने विचारलं. "ओळखता तुम्ही यांना?"

ताईने मान हलवली.

"मग यांच्या कार्डात तुमची बोटं कशी?"

कशी ते ताईला चांगलं ठाऊक होतं. ते इतकं साधं होतं की चौदा वर्षांत तिने त्याचा कधी विचारसुद्धा केला नव्हता.

त्या दिवशी धुण्याच्या खात्यातल्या बायकांचे ठसे उमटेनात. सोडा आणि ब्लीचच्या पाण्यात वर्षानुवर्षं हात घालून त्यांची बोटं गुळगुळीत झाली होती, एक रेष म्हणून शिल्लक नव्हती. मशीन लाल दिवा दाखवी. बायकांनी बोटं फडक्याला पुसली, केसांना घासली, तेल लावलं, काही उपयोग नाही. मशीनवाल्याची गाडी चुकत होती आणि सुपरवायझरची शिफ्ट खोळंबली होती. तेव्हा सुपरवायझरच म्हणाला, "इस्त्रीवाल्यांचे हात कोरडे असतात. ए ताई, बस गं इकडे." ताई बसली. आधी धुण्याच्या खात्यात एकत्र काम करणाऱ्या, एकमेकींच्या जावा असलेल्या दोघींसाठी, मग रेडिओसाठी. फोटो जिचा तिचा, बोटं ताईची. रेडिओ मागे उभी राहून म्हणाली होती, "माझ्या नावाने नीट दाब गं, कंजूषपणा करू नकोस." सगळ्या हसल्या होत्या. त्या लाँड्रीत एकीचा हात भाजला तर दुसरी तिच्या चादरी काढत असे. त्यातलंच हे, यापेक्षा जास्त काही कुणाला वाटलं नाही. शेवटी ताई स्वतःसाठी बसली, तोवर माणूस वायरी गुंडाळायला लागला होता.

तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. रेडिओचं जन्मवर्ष आणि आपल्या कार्डावरचं जन्मवर्ष एकच होतं. रेडिओची नोंद संपली, मशीनवाल्याने घाईघाईत नाव आणि फोटो बदलला आणि वर्ष तसंच ठेवलं. ताईची जास्तीची सहा वर्षं रेडिओची होती.

"तेव्हाची मशीनं एकमेकांत ताडून बघत नव्हती," मुलगी समजावत होती. "आता बघतात. जन्मतारीख वर्षासकट एक, बोटं एक, म्हणजे तुम्ही दोघी एकच बाई असं ते धरतंय. त्यांची नोंद आधीची, म्हणून त्या खऱ्या आणि तुमचं कार्ड डुप्लिकेट. आणि त्या गेल्या, म्हणजे..." पुढचं तिने गिळलं. "घाबरू नका. निघतो यातून मार्ग. एकाच बाईच्या वेळी अशी गल्लत झाली, ऑपरेटरची चूक, असं लिहून दिलंत तर साहेब जेवून आले की आजच सही करतील. तारीखही दुरुस्त होईल. पण आणखी कुणाच्या कार्डात तुमची बोटं असतील तर प्रकरण चौकशीला वर जातं. पाच-सहा महिने विसराच. आणि ती कार्डं लगेच बंद होतात, त्या बायकांनी स्वतः येऊन डोळ्यांची नोंद करेपर्यंत." तिने पेन पुढे केलं. "आणखी कुणाला दिली होती का बोटं?"

ताईच्या डोळ्यांसमोर दोघी जावा आल्या. आजवर त्यांचं कार्ड नुसतं दाखवून काम भागत होतं, बोट कुणी मागितलं नव्हतं. त्यांना कशाला यात ओढायचं? आणि एकतीस तारीख तर डोक्यावर बसलेली.

"नाही," ताई म्हणाली. "एकीलाच."

मुलीने मजकूर लिहून दिला. तो कागद हातात धरून ताई पुन्हा बाकावर येऊन बसली. साहेब यायला अजून वेळ होता.  तिने फोन काढला आणि रेडिओचा नंबर लावला. उचलला जाणार नाही हे धरूनच लावला.

"हॅलो, मावशी?"

रेडिओचा मुलगा. ताईला हुंदका आवरेना. 

"मला कळवायचं होतं हो," तो म्हणाला. "आईचा फोन तीन महिने बंदच ठेवला होता मी. चालू केल्यावर तुमचं नाव दिसायचं, पण हिंमत व्हायची नाही."

"झालं काय होतं तिला?"

"पोटात गाठ. तशी वेळेत सापडली होती, डॉक्टर म्हणाले काढली की बरी होईल. सरकारी योजनेत ऑपरेशन होणार होतं, फक्त बोट ठेवून ओळख पटवायची होती. मावशी, इकडे आल्यावर आईच्या बोटांना रेषा आल्या होत्या परत. पाण्यातलं काम सुटलं ना. कौतुकाने सगळ्यांना दाखवायची, बघा, मला नवी बोटं फुटली. ती बोटं ठेवली आणि मशीनने सांगितलं, कार्डावरची बाई ही नव्हे."

ताईने ऐकलं, पण ते डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा कचेरीतले सगळे आवाज एकदम बंद झाल्यासारखे वाटले.

"पाच वेळा ठेवली. जुळलीच नाहीत. दुरुस्तीचा अर्ज केला. एकवीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. आई अठराव्या दिवशी गेली."

"ती... ती काही बोलली नाही? बोटांचं?"

"किती विचारलं मी! असं कसं होईल, आठव ना काहीतरी, म्हणून चिडलोसुद्धा तिच्यावर. नुसती हसायची. म्हणायची, माझी बोटं कामावरच राहिली. तुम्हाला फोन लावतो म्हटलं, तर माझा हातच धरला तिने. म्हणाली, ताईला यातलं काही कळवायचं नाही, ती उगाच गोत्यात येईल. तुम्ही कशाला गोत्यात याल, मावशी? मला तर काहीच उलगडा झाला नाही."

ताई काय बोलली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. आज नाही, पण नक्की सांगते, समोर बसून सांगते, असं काहीतरी बोलून तिने फोन ठेवला. मग मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. इस्त्रीच्या वाफेने लालसर झालेले, कोरडे, ठणठणीत हात. एकेका बोटावर रेषाच रेषा. तिला त्यांची किळस आली. ज्यांचा तिला इतका अभिमान होता, त्यांनीच रेडिओला दारात उभं करून परत पाठवलं होतं. आणि धाकट्या जावेच्या छातीत परवापासून दुखत होतं. दवाखान्यात जाऊन ये गं, असं सकाळी ताईनेच तिला बजावलं होतं.

ती उठली. खिडकीत दुसरा माणूस उभा होता, त्याला बाजूला सारून तिने तो कागद आत टाकला.

"हा फाड. खोटं आहे यात. आणखी दोघी आहेत."

मुलीने मान वर केली. "काकू, साहेब आत्ता येतील. सही झाली की तुमचं काम..."

"माहीत आहे."

"महिनाअखेर निघून जाईल. नोकरी जाईल ना तुमची?"

"जाऊ दे. नवा कागद घे आणि मी सांगते तसं लिही."

तिने दोघी जावांची पूर्ण नावं सांगितली, पत्ते सांगितले, त्या दिवशी कोण आधी बसली नि कोण नंतर, तेही सांगितलं. बोट लागत नसेल तर डोळे चालतात ना, हे तिने तीनदा विचारून घेतलं. उद्याच दोघींना घेऊन येते, म्हणाली, नाही आल्या तर ओढत आणते. 

लिहून झालं. "यावर ओळख पटवावी लागेल," मुलगी हळूच म्हणाली. "अंगठा."

ताईचा हात पुढे होईना. मग तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अंगठा मशीनवर ठेवला, नीट दाबून. लगेच हिरवा दिवा लागला. स्क्रीनवर पुन्हा रेडिओ आली, ओठ अर्धवट उघडे ठेवून, आणि खाली अक्षरं उमटली, 'ठसे जुळले'. जिचं कार्ड, तिची बोटं पाच वेळा ठेवून जुळली नव्हती. ताईची पहिल्याच खेपेला जुळली.