कपाळावरचा दुसरा तीळ

चंद्रप्रभाबाईंच्या डाव्या भुवईच्या वर एक तीळ आहे. जन्मापासून एकच आहे. म्हणून नांदेडला रविकिरणच्या स्टुडिओत पडद्यावर आपलाच चेहरा बघताना कपाळावर दोन तीळ दिसले, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

"बाई, मुग्धाताईचं काम लई सफाईदार झालंय बगा," रविकिरण म्हणाला. "लातूरहून सकाळीच फाईल आली. एकदा नजर टाका, मग छापायला लावतो."

हा रविकिरण कंधारच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला. बाई निवृत्त झाल्या, वर्षभरात यजमान गेले आणि घर खायला उठलं, तेव्हा त्या याच्या स्टुडिओत येऊन बसू लागल्या. माऊससुद्धा धरता येत नव्हता तिथून सुरुवात करून सहा महिन्यांत चेहऱ्यांवर काम करायला शिकल्या. डोळ्यांखालचा काळेपणा किती हटवायचा, गालावर उजेड कुठून द्यायचा, डाग झाकायला शेजारचीच कातडी उचलून त्यावर कशी बसवायची, सगळं. हौस एवढी, की लातूरच्या पुतणीला, मुग्धाला, सुट्टीत समोर बसवून त्यांनी हेच शिकवलं. वर नियम घालून दिला. पंधरा दिवसांत आपोआप जातं तेवढंच काढायचं: मुरूम, डास चावल्याचा फोड, ओरखडा. जे राहतं त्याला हात लावायचा नाही, नाहीतर माणूस देखणा होतो पण भलताच होतो.

मुग्धाचा भाऊ यज्ञेश याचं नुकतंच लग्न झालं होतं. अल्बमच्या मुखपृष्ठावर घरातल्या सगळ्यांचा फोटो जायचा होता. तो बाईंनीच तीन दिवस खपून नीट केला आणि घरच्यांनी बघावा म्हणून लातूरला पाठवला. आता तो परत आला होता तो असा.

त्यांनी आपला चेहरा मोठा करून पाहिला. भुवईवरची कातडी उचलून कपाळाच्या मधोमध चिकटवली होती आणि तिच्याबरोबर तीळही तिथे गेला होता. ज्या जागी त्यांची मरून टिकली होती, नेमकी ती जागा. टिकली नव्हती.

यजमान गेल्यावरही बाईंनी टिकली सोडली नव्हती. कुंकू मला आईनं लावलं, सासरनं नाही, असं त्यांनी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. यज्ञेशच्या लग्नात त्या टिकली लावूनच वावरल्या. हसून बोलले सगळे. आग्रह करून वाढलं सगळ्यांनी. टिकलीबद्दल एकाच्याही तोंडून चकार शब्द निघाला नाही. म्हणजे तोंडावर बोलायला जीभ रेटली नाही आणि फोटोवर मात्र बिनदिक्कत हात चालला. संतापानं बाईंचे कान तापले. त्यांनी तिथूनच लातूरला फोन लावला.

"मुग्धा, माझ्या कपाळाचं काय केलंस?"

पलीकडे मिक्सर चालू होता. मुग्धानं तो बंद केला.

"काकू, बाबांनी सांगितलं. अल्बम नव्या वहिनीच्या माहेरी पण जाणार ना, तिकडची माणसं जुन्या वळणाची." मुग्धा अडखळली. "आणि टिकली तर तुम्ही रोज रात्री काढताच की. मला वाटलं, ती जाणाऱ्यात धरायची."

"कळायला लागल्यापासून लावते आहे मी ती. पंधरा दिवसांत जाणारी वाटली तुला? माझ्यासमोर बसून पुसली असतीस का?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"बाबांना दे."

हणमंतराव बाईंचे धाकटे दीर. गोड बोलून वेळ मारून नेण्यात त्यांचा हातखंडा. "वहिनी, कशाला डोक्यात राख घालून घेता? एवढीशी टिकली. कुणी बोललं का तुम्हाला काही?"

"तेच विचारते आहे, भाऊजी. बोलला का नाहीत?"

"बरं, वाद नको. मुखपृष्ठावर दुसरा फोटो घेऊन टाकू. तुम्ही चाकूरच्या पाहुण्यांना पोचवायला गेला होतात ना, तेव्हा एक काढलेला आहे."

आधी टिकली पुसली, आता अख्खी वहिनीच पुसायला निघाले. बाईंचा आवाज मात्र वर्गातल्यासारखा थंड झाला.

"घ्या की. फक्त त्या फोटोत तुमचं टक्कल दिसतंय. केस मी याच फोटोत भरलेत."

ही त्यांच्या दोघांतलीच गोष्ट होती. महिन्यापूर्वी हणमंतराव हळूच म्हणाले होते, वहिनी, पुढचं जरा भरून टाका. दिरानं इतक्या संकोचानं मागितलं म्हणून बाईंनी आपलाच नियम मोडला होता.

हणमंतरावांनी आवाज खाली आणला.

"मग असं करू," हणमंतराव म्हणाले, "हाच राहू द्या. टिकलीसकट. काय बिघडतंय?"

इथे बाईंना बरं वाटायला हवं होतं. उलट त्या आणखी पेटल्या. तेराव्याला त्यांनी स्वतः तोंडानं सांगितलेलं घरात कुणाला ऐकू गेलं नव्हतं, आणि टकलाची लाज लगेच ऐकू गेली. त्यांची टिकली परत येणार ती दिराच्या खोट्या केसांच्या जिवावर. आणि ते केस लावले होते त्यांनीच. याची चीड सगळ्यात जास्त आली.

फोन कानाशी तसाच धरून त्यांनी आपली फाईल उघडली. टिकली जागेवर होती, तीळ एकच होता. मग त्यांनी हणमंतरावांच्या डोक्यावर भरलेले केस निवडले.

"भाऊजी, ऐकताय ना?"

"हाव, वहिनी."

"टिकली राहील. तुमचे केस मी काढून टाकते आहे."

"अहो वहिनी, असं काय करता? चार माणसांत..."

"तुम्हाला सांगून काढते आहे," बाई म्हणाल्या. "तेवढंही तुम्ही माझ्यासाठी केलं नाहीत."

त्यांनी फोन ठेवला, केस काढले आणि रविकिरणला फोटो छापायला लाव म्हणून सांगितलं.