चढलेली रेस

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची घेतली. तीही त्यांच्या नोकरीइतकीच जुनी, कार्बोरेटरची. तिचं त्यांना कोण कौतुक! पण दोन महिन्यांपासून तिला काय झालं होतं कोण जाणे. एक्सलेटरवरून पाय काढला तरी इंजिन चढ्या आवाजात ओरडत राही. काका गल्लीत शिरले की लोक खिडक्या लावून घ्यायचे. तीन मिस्त्री झाले. तिघांनीही रेस कमी करायचा स्क्रू थोडा थोडा सोडून दिला. गाडीचा हेका काही सुटला नाही.

शेवटी उरलं ते लेकीचं गॅरेज.

तिथे जायला काकांचा पाय निघेना. लेकीने बँकेत लागावं म्हणून त्यांनी घसा कोरडा केला होता आणि तिने पाना हातात घेतला, तेव्हा चार महिने ते तिच्याशी धड बोलले नव्हते. गॅरेज सुरू होऊन सहा वर्षं झाली, पण तिला काम करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कधीपासून ओरडतेय?" बॉनेट उघडत लेकीने विचारलं.

"झाले दोनेक महिने. स्क्रू फिरवून बघ."

बाकावर एक मास्तर स्कूटरची वाट बघत बसले होते. त्यांच्या शेजारी टेकत काकांनी तिन्ही मिस्त्र्यांची हकिगत त्यांना सांगितली.

लेकीने स्क्रूला हातच लावला नाही. आधी नीट वाकून पाहिलं. "हा पूर्ण सुटलाय, बाबा. म्हणजे रेस इथून येतच नाहीये." मग एक्सलेटरची केबल ढिली आहे का पाहिलं. होती, म्हणजे तीही रेस ओढून धरत नव्हती. चोकही पूर्ण उघडा होता. इंजिन चालू करून ब्रेककडे जाणारी हवेची नळी तिने पकडीने दाबून धरली. आवाजात काडीचा फरक नाही.

"कुठून तरी हवा चोरून आत जातेय," ती म्हणाली आणि कपाटातून इस्त्रीवाल्यांकडे असते तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेऊन आली. एकेका जोडावर थोडं थोडं पाणी मारत गेली. इथे काही नाही. तिथेही नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी फवारा बसला मात्र, इंजिनचा आवाज झपकन खाली आला.

काका उठून उभेच राहिले. तिच्या आधी त्यांच्या कानांनी ते टिपलं होतं, पण ही युक्ती त्यांना तीस वर्षांत सुचली नव्हती.

इंजिन थंड झाल्यावर तिने कार्बोरेटर उतरवला, उलटा धरला आणि बुडावर स्टीलची पट्टी उभी टेकवली. पट्टीखालून उजेड दिसत होता.

"बूड वाकलंय. नट प्रमाणाबाहेर आवळलेत कुणीतरी."

"त्या तीन मिस्त्र्यांपैकीच असणार!" मास्तर म्हणाले. "हात आहेत का हातोडे?"

काकांचे कान तापले. दोन महिन्यांपूर्वी पेट्रोलचा वास आला, म्हणून त्यांनीच शेजाऱ्याचा लांब दांड्याचा पाना आणून ते नट कोपर दुखेपर्यंत आवळले होते. लेकीने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"असू दे हो मास्तर," ती म्हणाली. "गाडीवर जीव असला की हात जड पडतो."

चारचौघांत लेकीने आपल्याला झाकून घेतलं, हे काकांना कळलं आणि ते त्यांना सोसवेना. "मिस्त्र्यांना बोल लावू नका," ते मोठ्याने म्हणाले. "ते हात माझेच."

मास्तर गडबडले. लेक खाली मान घालून हसली.

काचेवर पॉलिश पेपर पसरून तिने ते बूड अर्धा तास घासलं. मधूनमधून पट्टी लावून बघायची, पुन्हा घासायची. उजेड दिसेनासा झाला, तेव्हा नवं गॅस्केट घातलं आणि समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळत आणले. शेवटच्यासाठी तिने छोटा पाना काकांपुढे धरला.

"दोन बोटांनी हं, बाबा."

काकांनी श्वास रोखून, अगदी दोन बोटांनी आवळला.

गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. काकांनी वाकून पुन्हा त्या नटाकडे पाहिलं.

"बंद पडणारच. चोरीची हवा थांबली ना," लेक म्हणाली आणि आता कुठे तिने स्क्रूला हात लावला. पाव वळसा, आणखी थोडा. इंजिन एका संथ लयीत असं लागलं, की मडगार्डवर ठेवलेली पट्टीसुद्धा थरथरली नाही.

काका घरी जायला मोकळे होते, पण हलले नाहीत. मास्तर स्कूटर घेऊन गेले तरी ते बाकावरच. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, काकांचे पांढरे केस पाहून सरळ त्यांच्यापुढे उभं राहिलं आणि म्हणालं, "मिस्त्री, जरा माझी गाडी बघता का?"

"मिस्त्री त्या," काका ताठ बसत म्हणाले. "मी त्यांचा बाप."